पाऊस ओसरल्यावर उरते ती नदी

प्रश्न लातूरच्या एका शिक्षिकेचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरातली आणि शेजारची मिळून पाच-सहा मुलं घेऊन त्यांना रानातल्या एखाद्या नदीवर जायचं आहे. त्या लिहितात, "धरण नको, बाग नको. जंगलातून वाहणारी, झऱ्याच्या पाण्यावर चालणारी लहानशी नदी आपल्या मराठवाड्यात आहे का? कुठे? मुलांना पाण्यात उतरवावं का? होडी वगैरे चालते का? की असलं काही आपल्याकडे उरलंच नाही?" माझं आयुष्य भूजलाच्या कामात गेलं. विहिरींच्या जागा दाखवता दाखवता झऱ्यांच्या मागे डोंगर चढायची सवय लागली ती सुटली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, अशा नद्या आहेत. मोठ्या नाहीत, कित्येकींना गावच्या शिवाराबाहेर कोणी नावाने ओळखतही नाही, पण आहेत. आणि दिवाळीची सुट्टी ही वेळ तुम्ही अगदी बरोबर धरली आहे. बहुतेक लोक श्रावणात जातात, धबधबा बघतात, भिजतात, फोटो काढतात आणि परत येतात. श्रावणात कड्यावरून कोसळतं ते आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी. पाऊस चार दिवस उघडला की ते ओसरतं. दसऱ्यानंतर त्याच ओढ्यात जे नितळ पाणी वाहत राहतं, ते डोंगराने मुरवून घेतलेलं आणि आता हळूहळू सोडलेलं पाणी असतं. मला विचाराल तर नदी म्हणावी ती हीच. ती बघायची तर पाऊस ओसरल्यावर जायचं, आणि हे पाणी येतं कुठून हे समजून घेऊन जायचं. मग कुठे बसायचं, कुठे उतरायचं, कुठून लांब राहायचं, यातलं निम्मं आपोआप कळतं.

म्हणून आधी डोंगराचं सांगतो. नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला तर जवळजवळ सगळा मराठवाडा बसाल्टवर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हापुन्हा पसरला आणि थरावर थर चढत गेले, भाकऱ्यांची चळत असावी तसे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो. विहीर खोदणारे त्याला काळा फत्तर म्हणतात. त्याला सुरुंग लावावा लागतो आणि भेगा नसतील तर पाणी लागत नाही. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे भोकाभोकांचा झालेला, तो मांजऱ्या खडक. तो झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि त्यात पाणी मुरतं. दोन थरांच्या मधे पुष्कळ ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन त्याच्यावर ऊन-पावसाने माती तयार झाली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावरून गेला, त्याची ती खूण. ही लाल माती चिकण, भाजल्यासारखी घट्ट. पाणी तिच्यातून सहज खाली जात नाही.

आता पावसाचं पाणी पठारावर पडलं, गवत-झाडोऱ्याने अडलं, मुरमातून आणि मांजऱ्यातून खाली उतरलं आणि लाल पट्ट्यावर येऊन थांबलं, असं धरा. खाली वाट नाही म्हणून ते आडवं सरकत राहतं. सरकता सरकता जिथे दरीने तो थर कापलेला असेल तिथे उघड्यावर येतं. तोच झरा. म्हणूनच एका दरीतले झरे बहुधा एकाच उंचीवर ओळीने सापडतात. एक झरा दिसला की चढ-उतार न करता त्याच पातळीने कड्याच्या कडेकडेने चालावं, दुसरा भेटतो. थर अगदी सपाट नसतात, किंचित कललेले असतात, म्हणून दरीची एक बाजू ओलसर आणि समोरची कोरडीठाक असंही दिसतं. मार्चमध्ये सगळा डोंगर निष्पर्ण होतो, तेव्हा लांबून पाहिलं तर उंबर-करंजांची एक हिरवी रेघ कड्याच्या मधोमध उठून दिसते. आमच्या कामात जागा शोधताना सगळ्या यंत्रांच्या आधी ही रेघ बघतात.

मुलांना झरा जवळून दाखवा. कड्याच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसलात की वितभर जाडीचा लाल पट्टा दिसेल, बोट फिरवलं तर लाल होईल. त्याच्या वर राखाडी खडक आणि त्याच्या भोकांमधे पांढऱ्या, कधी हिरवट गारा भरलेल्या. दोन्ही जिथे भेटतात त्या रेषेवर थेंब जमतात, फुगतात, घरंगळतात. तिथेच काळ्या चकचकीत देठांचा हंसराज नेचा लटकलेला असतो, शेवाळाची गादी असते, आणि सावली पडली की कपारीत मागे सरकणारा एखादा लहान खेकडा. पाण्यात हात धरायला सांगा. जमिनीतलं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं राहतं, आपल्याकडे पंचवीस अंशांच्या आसपास. त्यामुळे पौषातल्या पहाटे ते कोमट लागतं आणि वैशाखातल्या दुपारी थंडगार. ओढ्यात वाहतं आहे ते झऱ्याचं की नुसतं साठलेलं, याची ही सर्वात सोपी परीक्षा. दुसरी खूण म्हणजे नितळपणा: पाऊस पडून आठवडा झाला असेल आणि तळाचे खडे स्पष्ट दिसत असतील, तर पाणी मुरून आलेलं आहे.

मराठवाड्याचा मधला भाग काळ्या मातीचा, सपाट आणि पिकाखालचा आहे. तिथे जंगल नाही, दरी नाही, म्हणून असे झरेही नाहीत. ते शोधायचे आपल्या प्रदेशाच्या कडांना. उत्तरेला अजिंठ्याची रांग आहे, दक्षिणेकडे बालाघाट, आणि पूर्वेला किनवट-माहूरचं रान.

अजिंठ्याची रांग म्हणजे तापी आणि गोदावरी यांच्यातला जलविभाजक. माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एक अरबी समुद्राला जातो, दुसरा बंगालच्या उपसागराला. दक्षिणेचा उतार मंद, त्यावरून पूर्णा, शिवना, गिरजा निवांत निघतात. उत्तरेला मात्र डोंगर एकदम तुटतो आणि खाली खानदेश. त्या बाजूच्या नद्या आखूड, तीव्र उताराच्या आणि कुंडांच्या. वाघूर ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली. सात टप्प्यांनी उतरून ती घोड्याच्या नालेसारखं वळण घेते आणि त्या वळणाच्या कड्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे पाण्यात उतरायला जाऊ नका, ते बघायचं ठिकाण आहे. पण समोरच्या डोंगरावरच्या दर्शनस्थळावरून नदीने डोंगर कसा कोरला हे मुलांना जितकं स्वच्छ दिसेल तितकं पुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही.

माझं मन मात्र कन्नडच्या बाजूला, गौताळ्यात जास्त रमतं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, काही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि काही जळगावात. पठारावर गवत आणि तलाव, उतारांवर अंजन, धावडा, सालई, आणि घळींमधे झऱ्यांवर वाहणारे ओढे. सीतान्हाणीचा परिसर, पितळखोऱ्याची घळ, आणि खाली पाटणादेवीकडे उतरलं की केदारकुंड आणि धवलतीर्थ. लहान मुलं असतील तर पठारावरची सोपी वाट धरा. पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून घळीत जावं लागतं, चढताना दम लागतो, पण नदीच्या पात्राशी उभं राहून इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदलेली लेणी बघता येतात. कड्यातून झिरपणाऱ्या पाण्याने यातल्या बऱ्याच लेण्यांची पडझड झाली आहे. ज्यांनी पाणी बघून जागा निवडली, त्यांची लेणी त्याच पाण्याने पोखरली, हे तिथे उभं राहिल्यावर फार जाणवतं.

वेरूळलाही एकोणतिसाव्या लेण्याच्या बाजूला येळगंगा खाली उडी घेते, ती जागा सीतेची न्हाणी म्हणून ओळखली जाते. म्हैसमाळवरून गिरजा निघते. दोन्ही ठिकाणी दिवाळीनंतर धार बारीक होते, म्हणून नदीसाठी खास एवढ्या लांब जावं असं सांगणार नाही.

तुम्हाला लातूरहून जवळ पडेल तो बालाघाट. बीड जिल्ह्यातलं पाटोद्याचं पठार हे या भागातल्या नद्यांचं माहेर आहे. मांजरा तिथे उगवते, तीच पुढे तुमच्या लातूरला येते. सिंदफणाही तिथलीच, ती उत्तरेला गोदावरीकडे जाते. विंचरणा मात्र दक्षिणेला सीना-भीमेकडे. एकाच तालुक्याच्या पठारावरून पाणी कुठे कुठे जातं, बघा. ही विंचरणा सौताडा गावाजवळ सरळ कड्यावरून खाली पडते आणि तळात रामेश्वराचं देऊळ आहे. वरून बघायला भव्य, खाली उतरायला पायऱ्या आहेत. त्याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य, सकाळी लवकर गेलात तर मोर दिसतीलच. आणि मांजरसुंब्याजवळ कपिलधार. मन्मथस्वामींची समाधी, बाजूला कड्यावरून पडणारी धार, भोवती झाडी. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, भाविकांची रीघ लागते. तेव्हा नदीसाठी जायचं असेल तर ते दिवस टाळून जा.

किनवटकडचं रान सर्वात दाट, सागाचं. पण तिथली पैनगंगा मोठी नदी आहे, इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा तर पावसाळ्यात छातीत धडकी भरवतो. किनवटकडेच उनकेश्वरला गंधकाच्या गरम पाण्याचे झरे आहेत. ते वर सांगितलेल्या झऱ्यांहून अगदी निराळे, खूप खोलवरून भेगांवाटे वर येणारे. लातूरहून दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलं घेऊन एवढा पल्ला मारू नये असं माझं मत.

आपल्या पूर्वजांनी हे झऱ्यांचं शास्त्र किती नेमकं ओळखलं होतं, तेही मुलांना जाता जाता दाखवा. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. तिच्यात जमिनीखालून पाणी येतं आणि भुयारी पाटाने उताराने शेतीला जातं, मोट नाही, पंप नाही. संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहरी, म्हणजे जमिनीखालचे पाण्याचे पाट, काढल्या. त्याच्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १७४४ च्या सुमारास, पाणचक्कीला उत्तरेच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं गेलं. जमिनीतलं पाणी उपसल्याशिवाय, केवळ त्याच्या उताराचा अंदाज घेऊन शहर वसवण्याएवढा भरवसा या डोंगरांवर होता.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, पाण्यात उतरावं का. वाहत्या, घोट्याएवढ्या, तळ दिसणाऱ्या पाण्यात मुलांना खुशाल खेळू द्या. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मोठ्या माणसाने हात धरलेला असावा. धबधब्याखालच्या डोहात मात्र कोणीही उतरू नये, पोहता येणाऱ्यांनीही. वरून पडणाऱ्या पाण्याने डोहाचा तळ आत कपारीत कोरलेला असतो, पुरात आलेली खोडं आणि काटेरी फांद्या बुडाशी अडकलेल्या असतात, आणि काठाचा खडक शेवाळाने असा निसरडा झालेला असतो की पडलेला माणूस बाहेर यायला हात कुठे टेकवणार? डोहाची खोली काठावरून कळत नाही. स्थानिक माणूस "हितं उतरू नका" म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

पावसाळी हवेत तर ओढ्याच्या पात्रात थांबूच नये. का ते आकड्यांनी सांगतो. दिवाळीच्या सुमारास वाहणारा एखादा चांगला ओढा धरा, दीड मीटर रुंद, दहा सेंटिमीटर खोल. पाण्यावर सोडलेली काडी दहा मीटर अंतर पंचवीस सेकंदांत जाते. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात वाहतं, म्हणून वेगाचा चार-पंचमांश धरायचा. हिशेब येतो सेकंदाला साधारण ४८ लिटर. आता त्याच ओढ्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पाणी त्यात उतरतं तो भाग, दहा चौरस किलोमीटर आहे आणि वरच्या पठारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, असं समजा. पडलेलं पाणी झालं पाच लाख घनमीटर. त्यातलं निम्मं दोन तासांत वाहून आलं तरी सेकंदाला सुमारे ३५ हजार लिटर. सातशे पट पाणी! आणि तुम्ही उभे आहात तिथे कदाचित ऊन असेल. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस असाच दुपारनंतर, विजा घेऊन, एका पट्ट्यातच कोसळतो. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, वाळलेला पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, वरून घरघर ऐकू आली, की सामान तिथेच टाकून काठावर उंच चढायचं. पलीकडच्या काठावर असाल तर पलीकडेच चढायचं, पात्र ओलांडून परत यायचं नाही. आणि वीज कडाडत असेल तर एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. मराठवाड्यात विजेने माणसं आणि जनावरं दर वर्षी दगावतात, बरीचशी झाडाखालीच.

होडीचं उत्तर एका ओळीचं: या नद्यांवर चालत नाही, चालवू नये. पाणी घोट्याएवढं, मधे खडक. होडीची हौस असेल तर परवानगी असलेल्या जलाशयावर, जीवरक्षक जाकीट घालून.

लोकांच्या लक्षात न येणारा एक धोका म्हणजे आग्या मोहोळ. अजिंठा, पितळखोरे, सौताडा, जिथे जिथे उंच कडा आणि खाली पाणी आहे तिथे कड्याच्या छज्जाखाली मोहोळं लागतात. मधमाश्यांना धूर, उग्र अत्तर आणि दगड मारणं सहन होत नाही. घळीत चूल पेटवू नका, मुलांना वर दगड भिरकावू देऊ नका. उठल्याच तर डोकं-तोंड कापडाने झाकून सरळ लांब पळायचं. पाण्यात बुडी मारून उपयोग नसतो, त्या वर घोंघावत राहतात.

साप दिसेलच असं नाही, पण खडकाळ माळावर फुरसं असतं, लहान, मातीच्या रंगाचं, दगडाच्या आडोशाला बसलेलं. दगड उचलून खाली खेकडा शोधायचा खेळ म्हणून नको. बूट घालूनच चालायचं, चपला नकोत, आणि ओल्या खडकासाठी रबरी खाचांचा तळ हवा. हातात काठी असली की दोन कामं होतात, पुढे आपटत चालता येतं आणि ओल्यात तोल सावरतो. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय मुलांना प्यायला देऊ नका. वर कुठे जनावरं बसतात हे खालून दिसत नाही.

अभयारण्यात प्रवेशासाठी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते आणि अभयारण्याला धोका होईल असा विस्तव आत पेटवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, एवढं घरून बांधून न्या. हुरड्याचा बेत असेल तर तो डिसेंबर-जानेवारीत एखाद्या ओळखीच्या शेतात करा, आगटी तिथेच शोभते. गवत वाळल्यानंतर एका काडीने उतारच्या उतार जळतो. जळालेल्या उतारावरचं पहिल्या पावसाचं पाणी मुरत नाही, राख-माती घेऊन सरळ खाली येतं, आणि पुढच्या वर्षी झऱ्याची धार त्या मानाने बारीक होते.

बसायला जागा निवडताना धबधब्याच्या समोर गर्दीत बसू नका. तिथून अर्धा किलोमीटर खाली या. ओढा जिथे खडक सोडून वाळू-गोट्यांवर पसरतो आणि दोन्ही काठांना करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन वाकलेले असतात, तिथे सावलीत अंग हलवू न देता पंधरा मिनिटं बसायचं. मुलांना जमतं, आधी सांगून ठेवलं तर. पहिला येतो करडा धोबी, पोट पिवळं, शेपटी सारखी वरखाली. हिमालयाकडून हिवाळ्यापुरता आपल्या ओढ्यांवर येतो आणि एकेक जण पाण्याचा एकेक तुकडा आपला म्हणून राखतो. खंड्या तर असतोच. नशीब असेल तर स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर, शेपटीची दोन लांब पिसं सावरत, पाण्यावर झेप घालून अंघोळ करताना दिसतो. पाण्यात बघायचं तर उथळ धावत्या जागेत खडकाला पोटाकडून चिकटलेला मळ्या मासा बघा. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा भाग असतो, त्याने तो दगड धरून ठेवतो आणि शेवाळ खरवडून खातो. पाण्याचा जोर वाढला तरी वाहून जात नाही. धुण्याचा सोडा, शांपू, साबण हे पाण्यात गेलं की सर्वात आधी तोच दिसेनासा होतो. म्हणून ओढ्यात साबण लावून अंघोळ करू नका, भांडीही घासू नका.

"असलं काही आपल्याकडे उरलंच नाही का" हा तुमचा प्रश्न मला लागला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते तुमच्याच शहराला. तेव्हा लहान असलेल्या मुलांना वाहतं पाणी बघायला कुठे मिळालं असेल? उरलं आहे, पण काही झरे माझ्या डोळ्यांदेखत आटले, आणि त्यांचं कारण दर वेळी कमी पाऊस हे नव्हतं. वरच्या पठारावर बोअर घेतले गेले. बोअर सहाशे-सातशे फूट जाताना वाटेतले सगळे लाल पट्टे फोडत जातो. वरचं पाणी जे पट्ट्यावर अडून झऱ्याकडे सरकत होतं, ते त्या भोकातून खाली उतरायला लागतं. बोअरला वरच्या भागात पक्का केसिंग पाइप, म्हणजे भोकाच्या कडेने बसवायचा पाइप, घातला तर हे बरंच टळतं, पण चार पैसे वाचवायला तो बहुतेक वेळा जेमतेम मुरमापुरता घालतात. दुसरं कारण चांगल्या हेतूचं आहे. झऱ्याची धार वाढावी म्हणून तोंडाशी जेसीबी लावतात किंवा सुरुंग उडवतात. लाल पट्टा तिथे फुटला की पाणी खाली जिरतं आणि झरा कायमचा जागा सोडतो. झऱ्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. काम करायचं ते वर, जिथे त्याचं पाणी मुरतं तिथे: समतल चर, गवत राखणं, चराई आळीपाळीने, आणि त्या पट्ट्यात नवे खोल बोअर नकोत. खाली पाणी धरायचं असेल तर झऱ्यापासून चार हात दूर लहान टाकी बांधून पाइपने न्यावं.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक काम सुचवतो, सहलीपुरतं न ठेवता चालू ठेवता येईल असं. झऱ्याची धार जिथे एका जागी पडते तिथे १५ लिटरची बादली धरायची आणि घड्याळ लावायचं. तीस सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. माणशी दिवसाला ५५ लिटर या सरकारी निकषाने ते सुमारे ७८५ माणसांचं पाणी होतं. बोटाएवढी धार आणि एका वाडीची तहान, हे गणित सातवी-आठवीची मुलं सहज करतात आणि विसरत नाहीत. जवळच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींशी बोला. त्यांच्या मुलांनी महिन्यातून एकदा, त्याच जागी, तीच बादली धरून वहीत नोंद केली तर दोन वर्षांत त्या झऱ्याचा स्वभाव कळतो. पावसानंतर किती दिवसांनी धार वाढते, कोणत्या महिन्यात उतरते, सगळं. ग्रामपंचायतीत नव्या बोअरचा विषय निघेल तेव्हा ती वही पुढे ठेवता येते. तोंडी सांगितलेलं "पूर्वी लई पाणी होतं" कोणी ऐकत नाही.

तुमच्या सहलीचं मी असं ठरवीन: पहाटे लातूरहून निघा, केजवरून मांजरसुंबा. आधी कपिलधार, सकाळच्या वेळी, दर्शन आणि झरा. तिथून पाटोद्याकडे, सौताड्याला दुपारी उन्हं तिरपी व्हायच्या आत पोचा. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा आणि चारच्या सुमारास वर या, कारण घळीत अंधार लवकर पडतो. आदल्या दिवशी त्या भागात पाऊस झाला का, हे तिथल्या कोणालातरी फोन करून विचारा. झाला असेल तर दोन दिवस पुढे ढकला. गौताळा वेगळ्या सुट्टीला ठेवा, कन्नडला मुक्काम करून. एका दिवसात दोन्ही रांगा उरकायला गेलात तर मुलांना फक्त गाडी आठवेल.